दिलेला सन्मान परत घेण्याचा प्रश्न : बिल कॉस्बी यांचे प्रकरण

२०१४च्या ऑक्टोबरपर्यंत बिल कॉस्बी या अमेरिकी विनोदी अभिनेत्याच्या नावावर पन्नासच्या वर मानद पदव्या, एमी आणि ग्रॅमी पुरस्कार, वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटर या कलाकेंद्राचे दोन सर्वोच्च सन्मान, नौदलाचा मानद हुद्दा आणि राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते मिळालेले स्वातंत्र्य पदक इतके सगळे जमा होते. पुढच्या चार वर्षांत त्यांतले बरेच काही काढून घेतले गेले, काही काढून घेता आले नाही आणि काहींना कोणी हातही लावला नाही. २०२१मध्ये तर लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातल्या ज्या शिक्षेकडे बोट दाखवून अनेक संस्थांनी सन्मान रद्द केले होते, ती शिक्षाच रद्द झाली. सन्मान परत घेताना संस्था नेमके काय परत घेते आणि त्यासाठी कोणते कारण पुरेसे धरायचे, हे तपासायला इतके तपशीलवार दुसरे प्रकरण क्वचितच सापडेल.

सन्मान कशाचा झाला होता

कॉस्बी यांचा जन्म १२ जुलै १९३७ रोजी फिलाडेल्फियात झाला. १९५६ ते १९६० अशी चार वर्षे त्यांनी नौदलात रुग्णसेवकाचे काम केले, पुढे त्याच शहरातल्या टेम्पल विद्यापीठात प्रवेश घेतला आणि तिथून ते रंगमंचीय विनोदाकडे वळले. ‘आय स्पाय’ या मालिकेत गोऱ्या नायकाच्या बरोबरीची भूमिका एका कृष्णवर्णीय नटाला मिळाली, ही त्या काळच्या अमेरिकी दूरचित्रवाणीवर नवी गोष्ट होती, आणि त्या भूमिकेसाठी त्यांना १९६६, १९६७ आणि १९६८ अशी सलग तीन वर्षे एमी पुरस्कार मिळाला. १९८४ ते १९९२ या काळात ‘द कॉस्बी शो’ चालला. डॉक्टर वडील, वकील आई आणि पाच मुले असे ब्रुकलिनमधले सुखवस्तू कृष्णवर्णीय कुटुंब घरोघरी पोहोचले, आणि त्यातला समंजस, मिश्कील बाप हाच खरा कॉस्बी, अशी लोकांची धारणा झाली.

ती धारणा आपोआप झाली नव्हती. मालिकेच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव ‘डॉ. विल्यम एच. कॉस्बी ज्युनियर, एड.डी.’ असे पदवीसकट झळकत असे. विनोदी मालिकेच्या निर्मात्याने आपली शिक्षणशास्त्रातली डॉक्टरेट पडद्यावर लिहून दाखवायची, यामागे आपल्याला केवळ नट समजू नये ही इच्छा उघड दिसते. १७ मे २००४ रोजी, शाळांमधली वंशभेदी विभागणी बेकायदा ठरवणाऱ्या निकालाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनानिमित्त वॉशिंग्टनमध्ये केलेल्या भाषणात त्यांनी गरीब कृष्णवर्णीय आईबापांना मुलांच्या संगोपनावरून आणि बोलण्याचालण्यावरून खडे बोल सुनावले. समाजाला वळण लावणारा वडीलधारा माणूस, ही त्यांची दुसरी कारकीर्द तोवर पहिल्या कारकिर्दीइतकीच मोठी झाली होती.

विद्यापीठे त्यांना पदवीदान समारंभाला बोलावत होती ती मुख्यत्वे या दुसऱ्या कारकिर्दीसाठी. आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि मानपत्र देऊन सत्कार करतात तेव्हा मानपत्रात सत्कारमूर्तीच्या कामापेक्षा त्यांच्या स्वभावाचे, सचोटीचे, आदर्शाचेच वर्णन जास्त असते. मानद पदवीची जातही तीच. कामासाठी दिलेला पुरस्कार एका विशिष्ट कृतीपुरता असतो, पण मानद पदवी देणारी संस्था त्या माणसाला जामीन राहत असते. हा फरक लक्षात घेतला नाही तर पुढे काय टिकले आणि काय गेले, याचा उलगडा होत नाही.

हा जामीन किती महागात पडू शकतो, हे अँड्रिया कॉन्स्टँड यांच्या तक्रारीत दिसते. टेम्पल विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघाच्या व्यवस्थापनात त्या नोकरीला होत्या. कॉस्बी १९८२पासून त्याच विद्यापीठाचे विश्वस्त होते, विद्यापीठाची मानद पदवी त्यांच्याकडे होती आणि विद्यापीठाच्या नावाचा सदरा घालून ते जगभर वावरत. जानेवारी २००४मध्ये कॉस्बी यांनी आपल्या घरी गोळ्या देऊन आपल्यावर लैंगिक अत्याचार केला, अशी तक्रार कॉन्स्टँड यांनी २००५मध्ये केली. कॉस्बी यांनी संमती होती असे सांगत आरोप नाकारला. फेब्रुवारी २००५मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या माँटगोमेरी परगण्याचे तत्कालीन सरकारी वकील ब्रूस कॅस्टर यांनी खटला भरणार नसल्याचे जाहीर केले. जिथे नोकरी केली त्याच संस्थेच्या विश्वस्ताविरुद्ध, राष्ट्राध्यक्षांनी गौरवलेल्या माणसाविरुद्ध बोलायला त्या उभ्या राहिल्या होत्या. सन्मान ही निरुपद्रवी शोभेची वस्तू असते, असे मानणाऱ्यांनी ही परिस्थिती डोळ्यांपुढे आणावी. तक्रारदाराच्या शब्दासमोर आरोपीच्या बाजूने त्या सगळ्या संस्थांची पत उभी असते, आणि संस्थांना त्याचा पत्ताही नसतो.

आरोपावरून घेतलेले निर्णय

फौजदारी मार्ग बंद झाल्यावर कॉन्स्टँड यांनी दिवाणी दावा लावला. त्यात कॉस्बी यांची शपथेवर जबानी झाली आणि २००६मध्ये ३३ लाख ८० हजार डॉलरवर तडजोड झाली. जबानी न्यायालयात मोहोरबंद राहिली आणि प्रकरण लोकांच्या नजरेआड गेले. ते पुन्हा उघड्यावर आले ऑक्टोबर २०१४मध्ये, फिलाडेल्फियातच, जेव्हा हॅनिबल ब्यूरेस या तरुण विनोदी कलाकाराने कॉस्बी यांच्या उपदेशाचा आणि त्यांच्यावरच्या आरोपांचा मंचावरून एकत्र उल्लेख केला आणि त्याची चित्रफीत पसरली. त्यानंतर एकेक करून स्त्रिया पुढे येत गेल्या आणि आरोप करणाऱ्यांची संख्या साठच्या वर गेली. बहुतेक घटना इतक्या जुन्या होत्या की फौजदारी खटल्याची मुदत केव्हाच संपली होती.

१ डिसेंबर २०१४ रोजी कॉस्बी यांनी टेम्पलच्या विश्वस्तपदाचा राजीनामा दिला. तीनच दिवसांनी अमेरिकी नौदलाने २०११मध्ये दिलेला मानद ‘चीफ पेटी ऑफिसर’ हुद्दा काढून घेतला. आरोप अत्यंत गंभीर आहेत आणि नौदलाच्या मूल्यांशी विसंगत आहेत, एवढेच कारण त्यात दिले होते. त्यांनी प्रत्यक्ष केलेल्या चार वर्षांच्या सेवेची नोंद मात्र तशीच राहिली.

नौदलाचा निर्णय सर्वांत तत्पर होता, तरी मला तो सर्वांत कच्च्या पायावरचा वाटतो. मी हे तक्रारदार स्त्रियांवर अविश्वास म्हणून म्हणत नाही. मला त्यांचे म्हणणे खरे वाटते. पण केवळ आरोप गंभीर आहे म्हणून सन्मान काढून घेता येतो, हा नियम एकदा मान्य केला की तो पुढे कोणाविरुद्धही वापरला जाईल, आणि आरोपाची शहानिशा करण्याची जबाबदारी संस्थेवर उरणारच नाही.

अटलांटातल्या स्पेलमन कॉलेजचा मार्ग अधिक अवघड होता. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या या महाविद्यालयाला कॉस्बी दांपत्याने १९८८मध्ये दोन कोटी डॉलरची देणगी दिली होती. दांपत्याच्या नावाचे अध्यासन महाविद्यालयाने डिसेंबर २०१४मध्ये स्थगित केले आणि जुलै २०१५मध्ये ते बंद करून त्याचा उरलेला निधी परत केला. मानद पदवी रद्द करताना संस्थेच्या खिशातून काही जात नाही, इथे गेले. म्हणून या सबंध प्रकरणात स्पेलमनच्या निर्णयाला मी वेगळा मान देतो.

स्वतःच्या तोंडचे शब्द

६ जुलै २०१५ हा या प्रकरणातला निर्णायक दिवस आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या अर्जावरून संघीय न्यायाधीश एदुआर्दो रोब्रेनो यांनी जुन्या दिवाणी दाव्यातल्या कागदपत्रांचा काही भाग खुला केला. कॉस्बी यांच्या वकिलांनी खासगीपणाचा मुद्दा मांडला होता. त्यावर न्यायाधीशांनी दिलेले उत्तर मोठे मार्मिक होते: या गृहस्थांनी सार्वजनिक नीतिउपदेशकाची भूमिका स्वतःहून अंगावर घेतली आहे, त्यामुळे त्यांचे जाहीर बोलणे आणि त्यांच्यावरचे आरोप यांतली तफावत हा लोकांच्या हिताचा विषय ठरतो. ज्या प्रतिमेने पन्नास पदव्या मिळवून दिल्या, तिनेच मोहोर फोडली.

जबानीत कॉस्बी यांनी १९७०च्या दशकात क्वालूड या गुंगीच्या गोळ्या मिळवल्याचे आणि ज्या तरुण स्त्रियांशी आपल्याला संबंध ठेवायचे होते त्यांना देण्याचा विचार त्यामागे असल्याचे शपथेवर मान्य केले होते. नकळत गोळ्या दिल्याचे त्यांनी मान्य केले नव्हते आणि त्यांच्या मते जे घडले ते संमतीने घडले होते. तरीही आता प्रश्न फक्त कोणी कोणावर काय आरोप केला एवढाच राहिला नव्हता. त्यांच्या स्वतःच्या तोंडचे शब्द समोर होते.

त्याच आठवड्यात फ्लॉरिडातल्या डिस्नेच्या हॉलीवूड स्टुडिओज उद्यानातून, टेलिव्हिजन अकादमीच्या मानकऱ्यांच्या चौकातला त्यांचा अर्धपुतळा हलवण्यात आला. महिनाअखेरीस न्यूयॉर्क मासिकाच्या मुखपृष्ठावर खुर्च्यांच्या ओळी होत्या आणि त्यांवर ३५ स्त्रिया बसल्या होत्या, सगळ्या समोर पाहणाऱ्या, हात मांडीवर, चित्र कृष्णधवल. छत्तिसावी खुर्ची रिकामी ठेवलेली होती. जी अजून बोललेली नाही तिच्यासाठी ती जागा होती. सन्मान परत घ्या म्हणणाऱ्यांचा आग्रह कशासाठी होता, हे समजायला ती रिकामी खुर्ची पुरेशी आहे. तिच्यावर बसू पाहणाऱ्या स्त्रीला समोरच्या माणसाच्या पदकांची रांग दिसत होती.

सप्टेंबर २०१५मध्ये फोर्डहॅम आणि मार्केट या दोन जेझुइट विद्यापीठांनी एकाच दिवशी कॉस्बी यांची मानद पदवी रद्द केली. दोघांच्याही इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते. पाठोपाठ ब्राउन विद्यापीठाने १९८५मध्ये दिलेली पदवी काढून घेतली. फोर्डहॅम आणि ब्राउनच्या निवेदनांत शपथेवरच्या जबानीचा आणि त्यातल्या कबुलीचा स्पष्ट आधार होता. फौजदारी गुन्हा सिद्ध झाला आहे असे कोणी म्हटले नव्हते. या माणसाने स्वतः जे मान्य केले आहे ते आमच्या संस्थेच्या मूल्यांत बसत नाही, एवढेच म्हटले होते. विद्यापीठाने जे चारित्र्याचे प्रशस्तिपत्र दिले, त्याचा फेरविचार करायला विद्यापीठ समर्थ आहे, आणि त्यासाठी फौजदारी न्यायालयाचा निकाल लागत नाही, ही त्यामागची भूमिका होती.

निकालाची वाट पाहणारे

नोत्र दाम विद्यापीठाने वेगळा मार्ग धरला. आरोपीला न्यायप्रक्रियेचा पूर्ण लाभ मिळेपर्यंत थांबायचे, असे त्यांनी ठरवले होते. ३० डिसेंबर २०१५ रोजी, बारा वर्षांची मुदत संपायला थोडेच दिवस उरले असताना, कॉन्स्टँड यांच्या तक्रारीवरून आरोप दाखल झाले. जून २०१७मध्ये पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. दुसऱ्या खटल्यात आणखी पाच स्त्रियांची साक्ष झाली, जबानीतला क्वालूडचा भागही ज्यूरीला वाचून दाखवण्यात आला, आणि २६ एप्रिल २०१८ रोजी नॉरिस्टाउनच्या न्यायालयात कॉस्बी तीन कलमांखाली दोषी ठरले. सप्टेंबरमध्ये त्यांना तीन ते दहा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली.

निकालाच्याच दिवशी नोत्र दामने १९९०ची पदवी रद्द केली. टेम्पल, जॉन्स हॉपकिन्स आणि कार्नेगी मेलन यांनीही तेच केले. येल विद्यापीठाने १ मे रोजी २००३ची पदवी काढून घेतली. तीनशेहून अधिक वर्षांच्या इतिहासात येलने मानद पदवी परत घेण्याची ती पहिली वेळ होती. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांचे सदस्यत्व संपवले. ७ मे रोजी केनेडी सेंटरच्या विश्वस्तांनी १९९८चा जीवनगौरव आणि २००९चा मार्क ट्वेन पुरस्कार दोन्ही रद्द केले.

केनेडी सेंटरच्या निर्णयावर थोडे थांबायला हवे, कारण तो सीमारेषेवरचा आहे. मार्क ट्वेन पुरस्कार विनोदासाठी असतो, आणि कॉस्बी यांचा विनोद २००९मध्ये जितका चांगला होता तितकाच तो २०१८मध्येही होता. ध्वनिमुद्रिका बदललेल्या नव्हत्या. म्हणून कामाचा सन्मान कामापुरता ठेवावा, हा युक्तिवाद इथे जोरकसपणे करता येतो. सेंटरने उत्तर असे दिले की हे सन्मान आयुष्यभराच्या कामगिरीतून संस्कृतीवर उमटलेल्या ठशासाठी असतात आणि दोषसिद्धीने त्या कारकिर्दीवरच छाया टाकली आहे. मला हे उत्तर पटते, पण अर्धेच. आयुष्याचा गौरव करायचा तर सगळे आयुष्य हिशेबात घ्यावे लागते, इथपर्यंत ते बरोबर आहे. मात्र तो ठसा उमटला होता की नाही, या प्रश्नाला छाया हे उत्तर होऊ शकत नाही.

काढून घेता न आलेले

स्वातंत्र्य पदक कॉस्बी यांना २००२मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या हस्ते मिळाले. ते परत घ्यावे अशी मागणी जुलै २०१५मध्ये जोर धरू लागली, तेव्हा बराक ओबामा यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की पदक रद्द केल्याचा दाखला नाही आणि तशी यंत्रणाही नाही. पाठोपाठ त्यांनी हेही सांगितले की एखाद्याला नकळत गुंगीचे औषध देऊन संमतीविना शरीरसंबंध ठेवणे हा बलात्कार आहे. देशाचा प्रमुख शब्दांनी निषेध करू शकत होता आणि कागदावर मात्र काही करू शकत नव्हता. १९६३च्या ज्या आदेशाने हे पदक सध्याच्या स्वरूपात आले, त्यात पदक द्यायची तरतूद आहे, मागे घ्यायची नाही. आपल्या पद्म पुरस्कारांच्या नियमांत राष्ट्रपतींना पुरस्कार रद्द करण्याचा, नोंदवहीतून नाव काढण्याचा आणि सनद परत मागण्याचा अधिकार स्पष्टपणे दिलेला आहे. ती तरतूद वापरली जावी की नाही हा वेगळा वाद, पण ती लिहून ठेवणाऱ्यांनी दूरदृष्टी दाखवली होती.

हॉलीवूडच्या पदपथावरचा कॉस्बी यांच्या नावाचा तारा आजही तिथेच आहे. त्याच्यावर कोणीतरी निंदेचे शब्द खरडले, ते पुसले गेले, पुन्हा खरडले गेले. एकदा बसवलेला तारा त्या पदपथाच्या इतिहासाचा भाग होतो आणि काढला जात नाही, अशी तिथल्या वाणिज्य मंडळाची भूमिका आहे. १९६०च्या दशकातल्या एमी पुरस्कारांनाही कोणी हात लावला नाही, आणि ते योग्यच झाले. त्या तीन वर्षांत त्या मालिकेतला त्यांचा अभिनय पुरस्काराच्या योग्यतेचा होता, एवढेच ते पुरस्कार सांगतात, आणि ते विधान अजून खरे आहे.

शिक्षा रद्द झाल्यावर

३० जून २०२१ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने कॉस्बी यांची शिक्षा रद्द केली आणि पुन्हा खटला चालवायलाही मनाई केली. सुमारे तीन वर्षांच्या कैदेनंतर ते त्याच दिवशी घरी परतले. न्यायालयाने त्यांना निर्दोष म्हटले नाही. कॉन्स्टँड यांची साक्ष खोटी आहे असेही म्हटले नाही. मुद्दा होता २००५मधल्या सरकारी वकिलाच्या शब्दाचा. खटला होणार नाही असे जाहीर केल्यामुळे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क कॉस्बी यांना दिवाणी दाव्यात वापरता आला नाही, त्यांना जबानी द्यावी लागली, आणि पुढे तीच जबानी फौजदारी खटल्यात त्यांच्याविरुद्ध वापरली गेली. न्यायालयाच्या मते हा न्याय्य प्रक्रियेचा भंग होता. मार्च २०२२मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या निकालात हात घालायला नकार दिला.

आता दोन्ही प्रकारच्या निवेदनांची परीक्षा होते. ब्राउन आणि फोर्डहॅम यांनी २०१५मध्ये जे लिहिले होते, त्यातला एकही शब्द २०२१च्या निकालाने बदलायची गरज पडली नाही. जबानी फौजदारी खटल्यात वापरता येईल की नाही हा न्यायालयाचा प्रश्न होता. ती दिली गेली होती आणि तिच्यात काय होते, हे बदलले नव्हते. येलची भाषाही सावध होती. न्यायालयीन अभिलेखातल्या स्पष्ट आणि पटण्याजोग्या पुराव्यावर त्यांनी बोट ठेवले होते. पण ज्यांनी आपला विवेक पूर्णपणे दोषसिद्धीच्या हवाली केला होता, त्यांच्या निवेदनाचा आधारच निघून गेला. न्यायप्रक्रिया पूर्ण होईपर्यंत थांबू, असे जे म्हणतात, त्यांनी अपील पूर्ण होईपर्यंतही थांबायला हवे होते. आणि दोषसिद्धी हेच कारण असेल, तर ती गेल्यावर पदवी परत द्यायला हवी होती. केनेडी सेंटर, येल वा नोत्र दाम यांनी आपला निर्णय फिरवला नाही. माझ्या मते त्यांनी तो फिरवू नये हेच बरोबर आहे. पण याचा अर्थ असा की त्यांच्याजवळ दोषसिद्धीपलीकडचे कारण होते, आणि ते २०१५पासून होते. तीन वर्षे ते कारण हाताशी असताना त्यांनी ते उच्चारले नाही.

यातली सर्वांत कठीण गाठ मात्र सुटत नाही. संस्थांना सर्वांत भक्कम आधार मिळाला तो जबानीचा, आणि ती जबानी घडली ती सरकारी वकिलाच्या शब्दामुळे, ज्या शब्दाने पुढे कॉस्बी यांची सुटका केली. तो शब्द दिला नसता तर कदाचित २००५मध्येच खटला उभा राहिला असता. किंवा कॉस्बी गप्प राहिले असते आणि २०१५मध्ये कोणत्याही विद्यापीठापुढे वाचायला काहीच आले नसते.

जून २०२२मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका दिवाणी ज्यूरीने १९७५च्या सुमारास वयाने लहान असलेल्या मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याबद्दल कॉस्बी यांना जबाबदार धरून पाच लाख डॉलर भरपाई द्यायला सांगितले. तोवर बऱ्याच मानद पदव्या रद्द झालेल्या होत्या. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने २०१४च्या नोव्हेंबरमध्येच त्यांना निधिसंकलन मोहिमेच्या मानद पदावरून दूर केले होते. १९७६मध्ये त्याच विद्यापीठाने दिलेली, मालिकेच्या श्रेयनामावलीत झळकणारी डॉक्टरेट मात्र कायम आहे. प्राथमिक शाळेत त्यांच्याच चित्रमालिकेचा अध्यापनासाठी उपयोग कसा करावा, या विषयावर त्यांनी तिच्यासाठी प्रबंध लिहिला होता, आणि परीक्षकांनी तो वाचून स्वीकारला होता.